इम्प्लांटनंतरही कान वाजतोय? या चुका टाळा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला मी ह्यांना हलवून उठवलं. म्हटलं, "अहो, विहिरीवरचा पंप चालू राहिलाय." ह्यांनी दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या इम्प्लांटचा प्रोसेसर, म्हणजे कानाबाहेर लावायचं यंत्र, डब्यात वाळत पडला होता. तो काढला की मी दोन्ही कानांनी ठार बहिरी. मग पंप ऐकला कोणी?

फोंड्याजवळच्या आमच्या घरात हा विनोद अजून चालतो. पण कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवून ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र, बसवलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांच्या रात्री अशाच जातात. कर्णनाद, म्हणजेच टिनिटस, यांतल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेआधीपासून असतो. कानाकडून येणारे संकेत आटले की मेंदू आपल्यापुरता आवाज उभा करतो. इम्प्लांटमुळे संकेत पुन्हा सुरू झाले की बहुतेकांचा हा नाद कमी होतो, काहींचा थांबतो, काहींचा तसाच राहतो आणि थोड्या जणांचा वाढतो. माझा कमी झाला. त्याला दोन वर्षं लागली, आणि त्यातलं निदान एक वर्ष माझ्याच चुकांनी खाल्लं.

आवाज कुठला, हे न बघताच घाबरणं

सगळ्यात आधी डोक्यावरची कॉइल, म्हणजे प्रोसेसरची चुंबकाने चिकटणारी चकती, काढा. आवाज गेला तर तो यंत्रातून येत होता. राहिला किंवा उलट वाढला, तर तो कर्णनाद. दहा सेकंदांचं काम, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जून-जुलैत कानात चरचर सुरू झाली तेव्हा "नाद वाढला" म्हणून मी आठवडाभर जेवले नाही धड. निघाला काय, तर मायक्रोफोनमध्ये दमटपणा!

गोव्यात पावसाळ्यात घरातलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे प्रोसेसरची काय कथा. रोज रात्री तो ड्राय बॉक्समध्ये ठेवा आणि आतली ओलावा शोषणारी पुडी मुदत संपली की बदला. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पिठूळ धूळ मायक्रोफोनच्या भोकांत बसते. हेअर ड्रायर, चुलीची ऊब, कडक ऊन, यांतलं काहीच नको. सेल बदलून बघा, मायक्रोफोनचं कव्हर बदलून बघा, जादा कॉइल असेल तर ती लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. झिंक-एअरचे सेल फ्रीजमध्ये ठेवायची आपल्याकडे खोड आहे. तीही सोडा, त्यांच्यावर बाष्प धरतं.

मॅपिंगला "बरं आहे" म्हणून उठणं

ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. मॅपिंगला, म्हणजे प्रोसेसर आपल्या कानाला जुळवून घ्यायच्या भेटीत, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी, म्हणजे आतल्या कानात संकेत देणाऱ्या प्रत्येक बिंदूसाठी, दोन पातळ्या ठरवतात: जेमतेम ऐकू येईल ती खालची आणि मोठा असूनही सोसेल ती वरची. इलेक्ट्रोड कंपनीनुसार 12, 16 किंवा 22. खालची पातळी गरजेपेक्षा वर बसली तर शांत खोलीतही सतत घूं-घूं राहते आणि माणसाला वाटतं, हा टिनिटसच.

त्यात आणखी एक गोम आहे. बारीक बीप ऐकू आली की सांगायचं असतं, पण कानात आपलाच नाद वाजत असेल तर बीप कुठली आणि नाद कुठला? मी कधी नसलेल्या बीपला "हो" म्हणायचे, तर कधी खात्री होईस्तोवर गप्प राहायचे. दोन्हींमुळे पातळी चुकते. आधीच सांगा की कान वाजतोय, आणि सलग बीपा देऊन "किती ऐकल्या?" असं विचारायची विनंती करा. मोजायचं म्हटलं की घोळ बराच कमी होतो.

फोंड्याहून जाऊन यायचं तर दिवस मोडतो, म्हणून मी दोन मॅपिंग चुकवली आणि तोवर नाद बुडवायला आवाजाचं बटण वर-वर नेत राहिले. संध्याकाळपर्यंत डोकं भणाणायचं, आणि प्रोसेसर काढला की नाद दुप्पट.

रात्रीसाठी भलताच सल्ला पाळणं

"पंखा लाव, पावसाचा आवाज लाव, झोप लागेल." ऐकू येणाऱ्यांसाठी ठीक आहे. प्रोसेसर काढून ठेवलेल्या बहिऱ्या माणसाला पंख्याचा फक्त वारा लागतो! आवाज हवा तर यंत्र डोक्यावर हवं. मी आता अंथरुणावर पडल्यावर अर्धा तास प्रोसेसर ठेवून हलकं काहीतरी ऐकते आणि डोळे जड झाले की काढते. काहींचा नाद प्रोसेसर काढल्यावरही थोडा वेळ दबलेला राहतो, त्या वेळात झोप गाठायची. रात्रभर लावून झोपायचं असेल तर आधी विचारून घ्या. दुसऱ्या कानात थोडं ऐकू येत असेल तर त्यातल्या श्रवणयंत्राचाही विचार व्हायला हवा.

झोप उडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे धास्ती: बेल ऐकू आली नाही तर? उशीखाली थरथरणारा अलार्म ठेवला तेव्हा माझा निम्मा जागता पहारा संपला.

बाकीच्या, थोडक्यात

शस्त्रक्रिया झाल्यावर यंत्र चालू व्हायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. त्या दिवसांत नाद वाढू शकतो. तेवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं ठरवू नका.

चवथीला घुमट-आरती सुरू झाली की मी पहिल्या वर्षी खोलीत दार लावून बसले. पुढच्या वर्षी दोन आरत्यांनंतर दहा मिनिटं अंगणात येऊन बसले आणि परत आत गेले. माणसांत राहिल्याने नाद वाढत नाही. एकटं बसलं की मात्र लक्ष सगळं त्याच्याकडेच.

कानात लसणीचं तेल घालू नका. कर्णनाद मुळापासून घालवणारी गोळी अजून नाही. त्रास सोसण्याजोगा करण्यात संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा, सीबीटीचा, उपयोग होतो. ते समुपदेशन घेतलं म्हणजे वेड लागलं असं नाही, हे आमच्या सासूबाईंना पटवायला एक चतुर्मास लागला.

शस्त्रक्रियेआधीची नोंद नसणं हीसुद्धा चूकच. 'टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी' नावाची 25 प्रश्नांची यादी असते: "हो"ला 4 गुण, "कधीकधी"ला 2, "नाही"ला शून्य. गुण 100 पैकी, जितके जास्त तितका त्रास अधिक. आधी आणि नंतर भरली की फरक कागदावर दिसतो. मी आधी भरली नव्हती, त्यामुळे "काहीच फरक नाही" असं वर्षभर म्हणत राहिले आणि घरचे नुसते हसत राहिले.

नाद नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, कानामागे सूज किंवा लाली असेल, अचानक चक्कर येत असेल, कॉइल लावल्यावर चेहरा फडफडत असेल किंवा चालू यंत्रातून एकाएकी ऐकू येईनासं झालं असेल, तर पुढच्या मॅपिंगची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, मग चवथ असो की शिगमो.