जुन्या सेडानचे इंजिन बदलावे का : निर्णय घेण्याची रीत

इंजिन बदलण्याचा विचार करणाऱ्याला सर्वांत आधी ऐकायला मिळते ते हे, की ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) सारखा आहे आणि माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकते ते आधार) जुळते, म्हणजे काम झाले. असे सांगणाऱ्याने इंजिन फक्त बॉनेटखालच्या जागेत बसवून दिलेले असते. गाडी सुरू करून, तिचा एसी चालवून आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझवून मालकाच्या हाती किल्ली दिलेली नसते. लोखंडाचे काम चांगल्या मिस्त्रीला जड जात नाही. बहुतेक बदल फसतात ते वायरिंगमध्ये, आणि म्हणून होय किंवा नाही हा निर्णयही इंजिन विकत घेण्याआधी वायरिंगचे नकाशे समोर ठेवूनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : पत्रा

गाडी लिफ्टवर घेऊन साइडसिल, पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या बैठका आणि सबफ्रेमचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहाव्यात. टोक आत शिरले, तर पत्रा गंजून गेला आहे आणि विषय तिथेच संपला.

दुसरी पायरी : इंजिन खरोखर गेले आहे का

निळा धूर येतो आणि ऑइल खाते, एवढ्यावरून इंजिन बाद ठरवू नये. व्हॉल्व्हचे सील कडक झाले तरी हीच लक्षणे दिसतात, आणि ते सील बदलण्यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही. इंजिन गरम असताना सगळे स्पार्क प्लग काढावेत, इंधन आणि इग्निशन बंद ठेवावे, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडावे आणि मग प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजावे. आकडे मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेच्या वर असतील आणि आपसांतला फरक १५ टक्क्यांच्या आत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर बहुधा त्यांच्यामधले गॅस्केट उडालेले असते. त्यासाठी अख्खे इंजिन बदलणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे.

तिसरी पायरी : पर्याय

आपलेच इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधून घेणे, त्याच कोडचे वापरलेले इंजिन बसवणे आणि दुसऱ्या जातीचे, बहुधा मोठे, इंजिन बसवणे, असे तीन मार्ग उरतात. क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक दुरुस्त होण्यासारखे असतील, तर मी पहिलाच मार्ग सुचवतो, कारण त्यात वायरिंगला हातच लागत नाही. वापरलेले इंजिन शक्यतो मूळ गाडीतच थंड अवस्थेतून सुरू होताना ऐकावे. आधीच उतरवलेले असेल, तर क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने पूर्ण फेरे फिरवून पाहावे, आणि ऑइल काढून त्यात धातूची चमक दिसते का हे उजेडात तपासावे. किती किलोमीटर चालले याविषयी विकणारा जे सांगतो ते ऐकून सोडून द्यावे.

तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्याने बेल हाऊसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट, क्लच प्लेटचे दाते, एक्सलची लांबी, इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर आणि क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा आधार) यांच्यातले अंतर आणि नव्या इंजिनाचे वजन मोजून घ्यावे. वजन वाढले, तर पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील; ताकद वाढली, तर ब्रेकही.

चौथी पायरी : वायरिंग

मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथे, आणि म्हणून इथे घाई करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

आधी दोन्ही गाड्यांचे वायरिंगचे नकाशे मिळवावेत. नकाशे मिळत नसतील, तर बदल करू नये. ‘तारांचे रंग बघून जोडू’ म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. नकाशे मिळाले, की इंजिनाच्या हार्नेसमधून (तारांच्या जुडीतून) बॉडीकडे जाणाऱ्या तारांची तेवढी यादी करावी. इंजेक्टर, कॉइल, सेन्सर यांच्या तारा हार्नेसमध्येच सुरू होऊन ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकावर, संपतात. त्यांची चिंता नसते. बॉडीकडे जाणाऱ्या तारा म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, किल्ली फिरवल्यावर येणारा पुरवठा, फ्युएल पंप आणि रेडिएटर पंख्याचे रिले, आरपीएम आणि वेगाचे संकेत, एसीची मागणी, इमोबिलायझर (परक्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) आणि दोष तपासण्याचे यंत्र लावायचा निदानाचा सॉकेट. ही यादी एका कागदावर मावली आणि प्रत्येक तारेचे दुसरे टोक कुठे जाणार हे लिहिता आले, तर होकार द्यावा. एखाद्या तारेपुढे प्रश्नचिन्ह राहिले, तर ते सुटेपर्यंत इंजिनाचे पैसे मोजू नयेत.

इमोबिलायझर ही पहिली अडचण. किल्लीतली चिप, इग्निशनच्या कुलपाभोवतीची कडी आणि ईसीयू, आणि पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डचे मीटरही, एकमेकांना ओळखतात. परका ईसीयू आणला, की इंजिन एक तर सुरूच होत नाही किंवा क्षणभर सुरू होऊन बंद पडते, आणि मिस्त्री पेट्रोलचा पंप बदलत बसतो. म्हणून इंजिन, ईसीयू, अखंड हार्नेस, किल्ली, कडी, मीटर आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर अॅक्सिलरेटरचे पेडलही, हे सगळे एकाच गाडीतून उचलावे. कनेक्टर काढलेले चालतात, कापलेले चालत नाहीत. करवतीने कापलेला हार्नेस फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी अडचण एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या सालांतली. ब्लॉक आणि हेड तेच असते, पण क्रँक सेन्सर जी दातेरी चकती वाचतो ती बदललेली असते. एकीवर ६० दात्यांच्या जागा असून दोन गाळलेले असतात, दुसरीवर ३६ जागा असून एक गाळलेला असतो. जुन्या ईसीयूला नव्या चकतीचा हिशेब लागत नाही आणि प्लगला ठिणगीच मिळत नाही. इंजिन बाहेर आहे तोवर हे दाते मोजणे मिनिटाचे काम आहे. आत गेल्यावर गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येऊ शकते.

कॅन बस (गाडीतल्या संगणकांना जोडणारे जाळे) असलेल्या गाडीत तिसरी अडचण येते. तिथे मीटर, एबीएस, एसी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे सगळे एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून ईसीयूशी बोलतात, आणि अपेक्षित संदेश आला नाही तर एसी लागत नाही, गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून राहतो. बॅटरी काढून या दोन तारांमधला रोध मोजला, तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम यायला हवा, कारण दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. १२० आला, तर एक टोक सुटले आहे. मात्र ६० आला म्हणजे दोन वेगळ्या पिढ्यांच्या गाड्या एकमेकींची भाषा समजतील, असे नव्हे. पिढ्या वेगळ्या असतील, तर माझे उत्तर सरळ नकाराचे असते.

यावर कोणी वेगळा प्रोग्रॅमेबल (स्वतः हवा तसा बसवता येणारा) ईसीयू लावण्याचा सल्ला देईल. शर्यतीच्या गाडीला तो शोभतो. रोज थंड इंजिनाने निघणाऱ्या आणि धुराच्या तपासणीला जाणाऱ्या सेडानसाठी त्याचे ट्यूनिंग करत बसणे हा न संपणारा उद्योग आहे.

अर्थिंगच्या पट्ट्या विसरू नयेत. माउंटिंग रबरी असल्याने इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. पट्टी लावायची राहून गेली, तर स्टार्टरचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीची ऋण बाजू आणि ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. ०.५ व्होल्टहून जास्त दाखवले, तर जोडणी पुन्हा घासून घट्ट करावी.

पाचवी पायरी : उरलेले

नोंदणीच्या कागदांवर इंजिन क्रमांक असल्यास बदलाची परवानगी आणि विमा यांची चौकशी पैसे देण्याआधी करावी. इंजिन बाहेर असतानाच क्रँकचे पुढचे-मागचे सील, टायमिंग बेल्ट असल्यास तो, वॉटर पंप आणि क्लचचे रिलीज बेअरिंग बदलून घ्यावे.

जुने इंजिन लगेच भंगारात देऊ नये. अल्टरनेटरचे ब्रॅकेट, एखादा सेन्सर, एसी कॉम्प्रेसरचा आधार अशी एखादी वस्तू त्यावरून हमखास काढून घ्यावी लागते, आणि ती बहुधा नवे इंजिन बसवून पहिल्यांदा चालवल्यानंतरच लक्षात येते.