जुन्या इंजिनातील लपलेला दोष: तपासणी थंड इंजिनापासून सुरू करा

वापरलेल्या मोटारींची इंजिने तपासण्याच्या कामात पहिल्याच वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक अजून मनातून गेलेली नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत दुधाळ, पिवळसर साय जमलेली दिसली आणि मी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेल्याचे सांगून टाकले. इंजिन खोलल्यावर गॅस्केट धड निघाले, हेडही सपाट होते. ती गाडी रोज अगदी थोडे अंतर चालत असल्यामुळे इंजिन पुरेसे तापत नव्हते आणि आतली वाफ झाकणापाशी थिजत होती, एवढेच त्याचे कारण होते. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ आहे का आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होते आहे का, हे मी आधी पाहिले असते तर मालकाचा तो खर्च टळला असता. तेव्हापासून दोन वेगळ्या प्रकारच्या तपासण्यांतून एकच दोष निघाल्याशिवाय मी इंजिन खोलायला सांगत नाही.

तपासणीला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावून पाहा. ते कोमट लागले, तर पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. सिलिंडरच्या झिजेमुळे थंडपणी येणारी पिस्टनची ठकठक, ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की दबते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सुरू होताच निळ्या धुराचा एक झोत सोडून तो थांबवला, तर वॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपल्याचा संशय घ्यावा. चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर निळा धूर सतत येत असेल, तर पिस्टन रिंगकडे (पिस्टनभोवतीच्या कड्यांकडे) लक्ष द्यावे.

कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, सगळेच करतात, पण ती नीट करणारे थोडे. इंजिन तापवून घ्यावे, सगळे स्पार्क प्लग काढावेत, इंधन आणि इग्निशन बंद करावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा धरावा. थ्रॉटल बंद राहिला तर निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवते. पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 13 बारच्या आसपास दाब मिळतो, मात्र नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. मी त्याहून अधिक महत्त्व सिलिंडरांमधील फरकाला देतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा 15 टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून चाचणी पुन्हा घ्यावी. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत; तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील, तर त्यांच्या मधल्या भागात गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी असते.

यानंतरची लीक-डाउन चाचणी माझ्या मते नवशिक्याने सर्वांत आधी आत्मसात करावी, कारण ती कान तयार करते. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा हेडची चीर. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. प्लगच्या छिद्रातून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातल्यावर इतर पिस्टन काजळलेले आणि एकच धुतल्यासारखा लखलखीत दिसला, तर तिथे कूलंट शिरत असल्याचा दुसरा पुरावा मिळतो.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर एकही कोड नसणे म्हणजे इंजिन निर्दोष असणे नव्हे. रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या संगणकाने आपल्या चाचण्या पूर्ण केल्या का हे दाखवणाऱ्या नोंदी) अपूर्ण दिसले, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती असे समजावे आणि गाडी पुरेशी चालवून पुन्हा पाहावे.

बेअरिंगची (फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या भागांची) झीज या कोणत्याच चाचणीत दिसत नाही. त्यासाठी मालकाची परवानगी घेऊन जुना ऑइल फिल्टर कापावा, आतला कागद पिळून उजेडात उलगडावा आणि त्यावरून चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात. न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चमक बहुधा बेअरिंगच्या थरांतून आलेली असते आणि तिच्या जोडीला ऑइलचा दाबही यांत्रिक गेजवर कमी भरला, तर ते इंजिन मी घेऊ देत नाही.