जुळ्या राजकन्या, एक बारव आणि दंडावरचा तीळ

अंबाजोगाईत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं आणि प्रबंध टाइप करते, शटर ओढलं की स्वतःची कादंबरी. जन्मताच ताटातूट झालेल्या जुळ्या राजकन्या, थोडी जादू, थोडं प्रेम. वाचणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची. पहिला खर्डा दहावीतल्या भाचीला दिला. विसाव्या पानावर तिनं वही मिटली. "मावशे, दोघींच्या दंडावर एकसारखा तीळ हाय. कळलं की सगळं. आता काय वाचू?"

म्हणून पहिलं काम, तीळ खोडा. अर्धा ताईत, लॉकेट, अंगाईसुद्धा खोडा. खूण शोधायची तर बाळंतिणीच्या खोलीत जा. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजतात आणि जवळ कोरा कागद, लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि लेकराचं नशीब लिहून जाते. माझ्या गोष्टीत त्या रात्री कागद एकच ठेवला, कारण धाकटी मेली असंच सगळ्यांना वाटत होतं. तिचं नशीब लिहायचंच राहिलं. सोळा वर्षांनी दरबारातला ज्योतिषी थोरलीचं सगळं सांगू शकतो, पण या दुसऱ्या पोरीपुढं पाटी कोरीच. जादू मला बाहेरून आणावी लागली नाही.

आता ताटातूट का झाली? इथं बहुतेकजण घाई करतात. कुणीतरी दुष्ट काकू आणतात आणि मोकळे होतात. कारण असं हवं की करणाऱ्यालाही झोप लागू नये. बारवेला पाणी लागेना म्हणून घरातलं माणूस द्यायच्या गोष्टी आपण आज्यांकडून ऐकल्यात. माझ्या राजानं तोच नवस बोलला. सुईणीनं बारवेत रिकामी टोपली सोडली आणि लेकरू रातोरात एका पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्याच्या, घरी पोचवलं. आणि दुसऱ्या दिवशी बारवेला पाणी लागलं! झालं, राजाचं सगळं राज्य त्या एका खोट्यावर उभं राहिलं. धाकटी जिवंत आहे हे कळलं तर लोक म्हणणार, मग हे पाणी कुणाचं? जाईल का आता? दुष्काळी मुलखात ही भीती तलवारीपेक्षा मोठी आहे.

बारव कशी असते हे न पाहता लिहू नका. सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार बारव आहे, पायऱ्या गोल फिरत खाली जातात. तिथं उभं राहिल्यावर मला पोरगा आणि पोरगी कुठं भेटणार ते कळलं.

जादूला किंमत ठेवा, आणि ती हिशेबात धरा. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून रान तुडवतो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात. माझ्या धाकटीला नारळ लागत नाही, तिला झरा ऐकू येतो. पण एक झरा सापडला की तिच्या आठवणीतला एक दिवस आटतो. मी वहीत दोन रकाने पाडले, कोणत्या विहिरीला कोणता दिवस गेला. प्रेमाचं सगळं त्यातूनच निघालं. पोराला आपली पहिली भेट तिला पुन्हा सांगावी लागते, आणि दर वेळी तो थोडी फिरवून सांगतो, लबाड. दोघींना एकाच राजपुत्रावरून भांडायला लावू नका, फार झालंय ते. लग्न हुकण्याची गोष्ट हवी असेल तर आमच्या योगेश्वरीची आख्यायिका आहेच: परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं. परळी इथून साधारण २५ किलोमीटर.

बोलीचं मात्र जपा. महालातली म्हणते, "काय करत आहात?" पाणाड्याच्या घरची म्हणते, "काय करायलाव?" मी स्वतःच टाइप करताना सगळीकडं 'करत आहात' करून ठेवलं होतं. हात सवयीचा. अख्खा एक रविवार ते परत फिरवण्यात गेला.

शेवटच्या भेटीसाठी नळदुर्ग बघा. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा आहे, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, १६१३ चा. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की वरून नर आणि मादी असे दोन धबधबे शेजारी शेजारी कोसळतात आणि तुम्ही आत कोरडे उभे. गोष्टीत नाव बदला, काळ बदला, पण पाणी कुठून येतं, कुठून जातं ते बदलू नका.

तिथं दोघींना धावत येऊन मिठी मारायला लावू नका. मी आधी मारायला लावली होती. भाचीनं तोंड वाकडं केलं. आता थोरली भिजलेला पदर पिळत उभी आहे. तिचं सगळं आयुष्य कागदावर लिहिलेलं. धाकटी तिला खालून वर न्याहाळते आणि गावात आलेल्या कुठल्याही अनोळखी पोरीला विचारतात तेच विचारते, "कुणाची गं तू?"

प्रकरण तिथंच तोडलंय.