अतिरिक्त न्यायाधीशांचं ‘कायम’ होणं कसं वाचायचं

फेब्रुवारी २०२२ मधली सकाळ. अमरावतीच्या कोर्टात दिवसाचं कामकाज सुरू व्हायला अवकाश होता. माझ्या ज्युनियरनं मोबाइल पुढे केला, “मॅडम, गनेडीवाला मॅडमना काढलं म्हणे.” काढलं नाही गं, त्यांनी राजीनामा दिलाय, मी म्हटलं. “पण का?”

त्या ‘का’साठी आम्ही दोन संध्याकाळी माझ्या ऑफिसात कागद पसरून बसलो. तेव्हापासून वकिलीत नवीन आलेली मुलं, कधी एखादा वार्ताहर, हाच प्रश्न घेऊन येतात. न्यायाधीश कन्फर्म, म्हणजे कायम, झाले, नाही झाले, का नाही झाले? त्यांना मी जे करायला सांगते, तेच इथे लिहिते. उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या अतिरिक्त न्यायाधीश, न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचंच घेते. त्या आमच्या जिल्ह्यातल्या, परतवाड्याच्या. आणि त्यांच्या ज्या निकालावरून एवढं वादळ उठलं, तो निकाल पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, केसेस चालवणाऱ्या माझ्यासारखीच्या रोजच्या कामाशी थेट भिडणारा होता.

फुलस्केप कागद आडवा घ्या आणि चार रकाने पाडा: तारीख, कागद, कागद कुणी काढला, त्यात दिलेलं कारण. चौथा रकाना रुंद ठेवा.

लिहायला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. उच्च न्यायालयात दोन तऱ्हेचे न्यायाधीश असतात. कायम न्यायाधीशाची नेमणूक राज्यघटनेच्या कलम २१७ खाली होते. वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत ते पदावर राहतात आणि त्यांना हटवायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठराव व्हावा लागतो. अतिरिक्त न्यायाधीश कलम २२४ खाली येतात, एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ही सोय केली, ती तुंबलेलं काम उपसायला. आज प्रथा अशी पडली आहे की बहुतेक सगळे आधी अतिरिक्त म्हणून येतात आणि मग कायम होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर ९४ पदांपैकी २३ पदं अतिरिक्त आहेत. निकाल द्यायचा अधिकार दोघांना सारखाच, पण अतिरिक्त न्यायाधीशाच्या मुदतीची तारीख कोर्टातल्या सगळ्या वकिलांना पाठ असते.

कागदावरची पहिली ओळ शपथेआधीच्या कारकिर्दीची. ही भरायचा लोक कंटाळा करतात आणि पुढे तिथेच अडतात. गनेडीवाला मॅडम वकिलीतून २००७ मध्ये थेट जिल्हा न्यायाधीश झाल्या. मुंबईच्या दिवाणी न्यायालयात, नागपूरला कौटुंबिक आणि जिल्हा न्यायालयात बसल्या, न्यायिक अकादमीत काम केलं, नागपूरच्या प्रधान जिल्हा न्यायाधीश झाल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकही (रजिस्ट्रार जनरल) होत्या. १३ फेब्रुवारी २०१९ पासून उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश. ही ओळ महत्त्वाची, कारण न्यायिक सेवेतून वर आलेली व्यक्ती कायम झाली नाही तर तिच्यापुढे जिल्हा न्यायालयात परतायचा रस्ता असतो, आणि वरून खाली येऊन बसणं म्हणजे काय, ते कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही कळेल. थेट वकिलीतून आलेले परत वकिलीकडे जातात.

आता निकाल. मथळा वाचून मत बनवू नका, निकाल वाचा. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक आणि तारीख टाकली की प्रत मिळते. वाचताना आधी घटना, मग कलम, मग शेवटचा आदेश, आणि सगळ्यात शेवटी न्यायाधीशांची कारणमीमांसा, असा क्रम मी लावते. आधी कारणं वाचली की आपण त्यांच्या ओघात वाहत जातो.

१९ जानेवारी २०२१ चा नागपूर खंडपीठाचा तो निकाल असाच वाचा. बारा वर्षांची मुलगी, पेरू देतो म्हणून तिला घरात नेणारा माणूस, त्यानं कपड्यांवरून तिच्या छातीला केलेली झोंबाझोंबी. सत्र न्यायालयानं पोक्सोच्या कलम ८ खाली शिक्षा दिलेली, म्हणजे किमान तीन वर्षं. उच्च न्यायालयानं त्या कलमातून आरोपीला सोडलं आणि विनयभंगाचं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ कायम ठेवलं. तिथे किमान शिक्षा एक वर्ष. कलम ७ मधल्या ‘शारीरिक संपर्क’ या शब्दांचा अर्थ त्वचेचा त्वचेला स्पर्श, असा लावला गेला होता. या ठिकाणी कलम ७ स्वतःच्या डोळ्यांनी उघडून बघा. त्यात ‘स्पर्श’ असा शब्द आहे, ‘लैंगिक उद्देशानं’ असे शब्द आहेत. त्वचा हा शब्द कुठेही नाही.

मी तो निकाल वाचून संपवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे साक्षीची खोली आली. मूल पडद्याआड बसलेलं असतं, आणि आम्ही त्याला कुठे हात लावला ते विचारत असतो. आता पुढचा प्रश्न येणार, कपड्यावरून की आतून? आणि त्या उत्तरावर आरोपी सुटणार. तो निकाल चूक होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

तरीही कागदावर तारखा शांतपणे एकाखाली एक लिहा. १५ जानेवारी २०२१: पाच वर्षांच्या मुलीच्या प्रकरणातला याच न्यायमूर्तींचा दुसरा निकाल, त्यातही पोक्सोच्या कलम ८ आणि १० खालची शिक्षा गेली. १९ जानेवारी: वर सांगितलेला निकाल. २० जानेवारी: सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं, म्हणजे नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटानं, त्यांना कायम करण्याची शिफारस केली. २७ जानेवारी: महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी १९ तारखेच्या निकालाचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला आणि त्या निकालाला स्थगिती मिळाली. त्यानंतर कॉलेजियमनं आपली शिफारस मागे घेतली आणि अतिरिक्त म्हणून आणखी दोन वर्षं द्यावीत असं सुचवलं. सरकारच्या अधिसूचनेत मात्र १३ फेब्रुवारीपासून एकच वर्ष आलं.

माझी ज्युनियर या ओळीवर थांबली होती. “दोन सांगितली तर एक कसं?” शिफारस आणि नेमणूक हे दोन वेगळे कागद आहेत, ते असे. नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीनं होते आणि अधिसूचना केंद्राचं विधी व न्याय मंत्रालय काढतं. त्याआधी सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम शिफारस पाठवतं. ऑक्टोबर २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर यायला लागले. म्हणून तिसरा रकाना, कागद कुणी काढला, कधीही गाळू नका. ‘कोर्टानं ठरवलं’ एवढ्यावर काही भागत नाही.

१८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही निकाल रद्द केले. न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांचं खंडपीठ होतं. त्वचेचा निकष धरला तर हातमोजे घालून मुलाला हात लावणारा माणूसही सुटेल, हा मुद्दा सुनावणीतच पुढे आला होता. निर्णायक काय, तर लैंगिक उद्देश, असं न्यायालयानं सांगितलं. मी तो निकाल छापून माझ्या पोक्सोच्या फायलीत सगळ्यात वर लावला आहे.

निकाल फिरला म्हणजे पद गेलं, असं मात्र समजू नका. वरची कोर्टं रोज खालचे निकाल फिरवतात आणि न्यायाधीश खुर्चीत असतात. इथे डिसेंबर २०२१ मध्ये कॉलेजियमनं त्यांना कायम करण्याची शिफारस केली नाही, मुदतही वाढली नाही, आणि मुदत संपता संपता, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. ‘बडतर्फी’, ‘हकालपट्टी’, ‘पदावनती’ हे शब्द कागदावर लिहू नका. त्यातलं काहीच झालेलं नाही.

आणि आता चौथा रकाना. डिसेंबरच्या ओळीसमोर तो कोरा राहतो. सगळ्यांना कारण माहीत आहे असं वाटतं, आणि बहुधा ते बरोबरही असेल. पण ते कुठल्या कागदावर आहे? मी मुलांना याच ठिकाणी दुसरं एक नाव लिहायला लावते. आणीबाणीत मुंबई उच्च न्यायालयात उमेश लळित नावाचे अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांनी आरोपींना जामीन दिला आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. वर ज्यांच्या खंडपीठाचा उल्लेख आला त्या उदय लळितांचे ते वडील. एकीकडे मुलीच्या बाजूनं उभं न राहिलेला निकाल, दुसरीकडे सरकारला न आवडलेला जामीन. मी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिते तेव्हा रकाना दोन्हीकडे सारखाच कोरा दिसतो, आणि मला त्याची काळजी वाटते. पहिल्या वेळी माझं मन समाधान पावलं म्हणून मी त्या पद्धतीला मान डोलावली, तर दुसऱ्या वेळी कुठल्या तोंडानं बोलू? १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की अतिरिक्त न्यायाधीशाला कायम होण्याचा हक्क नसला, तरी आपला विचार व्हावा हा हक्क आहे. विचार झाला, पण काय विचार झाला, ते आपल्याला लेखी वाचायला मिळत नाही. म्हणून तो रकाना अंदाजानं भरू नका. बातमीतलं कारण लिहायचंच असेल तर पेन्सिलीनं लिहा आणि पुढे ‘बातमी’ असं लिहून ठेवा.

कागद राजीनाम्यावर संपवू नका. त्या पुढे नागपूर खंडपीठात वकिली करायला लागल्या. हे कसं चाललं, असं विचारणाऱ्यांनी कलम २२० काढावं: ज्या उच्च न्यायालयात काम केलं तिथे वकिली करायची बंदी कायम न्यायाधीशांना आहे, अतिरिक्त न्यायाधीशांना नाही. मग निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला. राजीनामा म्हणजे निवृत्ती नव्हे, म्हणून त्यांना नकार मिळाला होता. त्या कोर्टात गेल्या, आणि मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्या. भारती डांगरे यांनी त्यांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं निवृत्तिवेतन मान्य केलं. या ओळीसमोर चौथा रकाना गच्च भरतो, कारण तो निकाल आहे आणि निकालात कारणं द्यावीच लागतात.

पुढच्या वेळी मुंबईला, नागपूरला, संभाजीनगरला किंवा गोव्याला बसणाऱ्या कुणा अतिरिक्त न्यायाधीशांची शपथ झाली, की त्याच दिवशी नवा कागद घ्या. वर उजव्या कोपऱ्यात अधिसूचनेतली मुदत संपायची तारीख लिहा आणि तिच्या तीन महिने आधीपासून कॉलेजियमचे ठराव दर आठवड्याला उघडून बघा.