संकट येण्याआधी शेजारात मदतगट कसा उभारावा

जानेवारी १९९५ मध्ये जपानमधील कोबे शहराला भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना बाहेर काढले ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. कोण कोणत्या खोलीत झोपते हे ठाऊक असणारा माणूसच नेमकी जागा दाखवू शकतो, आणि ही माहिती आयत्या वेळी मिळवता येत नाही.

म्हणून सुरुवात लहान करावी. एकमेकांना चेहऱ्याने ओळखणारी दहा-पंधरा घरे पुरेशी आहेत. प्रत्येक घराच्या संमतीने एक वही तयार करावी: एकटे कोण राहते, अंथरुणाला कोण खिळले आहे, वाहन कोणाकडे आहे, प्रथमोपचार कोणाला येतात. वही दोघांकडेच असावी, कारण खासगी माहिती बाहेर फुटली की विश्वास पुन्हा बसणे फार कठीण. त्यानंतर कोणी कोणाची विचारपूस करायची हे नावानिशी ठरवावे. १९९५ च्याच जुलैमध्ये अमेरिकेतील शिकागोत आलेल्या उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक बळी घेतले. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते.

सर्वांत नाजूक भाग देवाणघेवाणीचा आहे. मदत एकाच दिशेने वाहू लागली की घेणारा मिंधा होतो, हळूहळू मागणेच सोडतो आणि ज्याला खरी गरज आहे तोच गटापासून दुरावतो. यासाठी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: तुम्हाला काय लागेल, आणि तुम्ही काय देऊ शकाल? घराबाहेर पडू न शकणारी व्यक्तीही रोज चार जणांना दूरध्वनी करून खुशाली विचारू शकते, आणि माझ्या मते हे काम धान्य पोहोचवण्याइतकेच मोलाचे आहे. शिडी, औषध आणणे, मुले सांभाळणे अशा किरकोळ गोष्टींची सवय आधीपासून असली, तर रोजगार गेल्यावर किंवा पूर आल्यावर हात पसरण्याचा संकोच वाटत नाही.

पैसे जमा होत असतील तर जमाखर्च सर्वांना कधीही पाहता यावा आणि रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघू नये. सामायिक संसाधने लोक स्वतः कशी टिकवतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग असतो, देखरेख त्यांच्यातलेच लोक करतात आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असते, असे त्यांना आढळले. मदतगटानेही हेच पाळावे: कोणी एकदा शब्द मोडला तर आधी अडचण विचारावी, काढून टाकण्याची भाषा करू नये.

नव्याने राहायला आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात भेटावे. शासनाची जबाबदारी मात्र गटाने अंगावर घेऊ नये. पाणी, आरोग्य, निवारा यांचा पाठपुरावा एकत्रितपणे करावा. वहीतील नोंदी दर तीन महिन्यांनी घरोघरी जाऊन तपासाव्यात आणि प्रत्येक वेळी तपासणारी जोडी बदलावी.