जुन्नर पाहावे ते घाटापासून

जुन्नरला येणारा प्रवासी बहुधा थेट शिवनेरी गाठतो आणि संध्याकाळी परततो. दोन दिवस हाताशी असतील, तर हा क्रम उलटा करावा आणि पहिल्या सकाळी गावापासून सुमारे ३० किलोमीटरवरील नाणेघाटात जावे. कारण सह्याद्रीच्या पूर्वेकडचे हे गाव प्राचीन काळी भरभराटले ते कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या व्यापारामुळे.

नाणेघाटातील लेण्यात घाईने फिरू नये. भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) अशा दानांची नोंद आहे. दानांचे आकडेही त्यात कोरलेले असल्याने भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. अक्षरे आधीच झिजलेली असल्यामुळे त्यांना हात लावू नये, त्यांवर पाणी किंवा खडू वापरू नये. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरेने सांगतात. पावसाळ्यात येथे दाट धुके असते, तेव्हा कड्यापासून दूरच राहावे.

परतताना पाडळीजवळची तुळजा लेणी पाहावीत. तेथील वर्तुळाकार चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, स्तूपाभोवती १२ अष्टकोनी खांब आहेत आणि अशी रचना क्वचितच आढळते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या चढाव्यात. सातव्या लेण्यातील गिरिजात्मजाचे दर्शन झाल्यावर बहुतेक भाविक लगेच उतरतात; आपण मात्र शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात अवश्य थांबावे. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत यवन, म्हणजे ग्रीक, दाते भेटतात, तसेच बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीही (व्यावसायिक संघही) भेटतात. घाटातून आलेला पैसा कोणाच्या हाती खेळत होता, हे त्यांवरून कळते.

शिवनेरी दुपार कलल्यावर चढावा. सात दरवाजांची वाट, शिवाई देवीचे मंदिर, गंगा-जमुना टाकी आणि १६३० मधील शिवजन्माचे स्थान एवढे पाहून होईल. मात्र अंधारापूर्वी गावात परतावे, कारण या तालुक्यात उसाच्या शेतांतही बिबट्यांचा वावर असतो.