अंगणातलं झाड पाडायचं की ठेवायचं?
मे महिन्यातच, पाऊस यायच्या आधी, झाडाच्या बुंध्याशी जरा वाकून बघा. झाड तिरकं आहे म्हणून घाबरू नका, कित्येक झाडं वर्षानुवर्षं तशीच उभी असतात, पण यंदाच कललंय आणि मागच्या बाजूची माती फुगून चीर पडलीय तर मुळं सुटायला लागलीत समजा. आमच्या गुलमोहराला वर फुलं मस्त, पण बुडाला भाकरीएवढी कडक अळंबी, हातोडीने ठोकलं तर मडक्यासारखा पोकळ आवाज, मग काय, पाडावाच लागला. एखाददुसरी वाळकी फांदी असेल तर नुसती छाटणी पुरते. आणि हो, प्लॉट स्वतःचा असला तरी शहरात महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्याने झाड पाडायला परवानगी लागते, अर्जाला बुंध्याचे फोटो जोडा.